‘कॉम्प्युटर चुकत नाही’ असे म्हणण्यापूर्वी

बँकेच्या खिडकीपाशी, रेशनच्या दुकानात, विजेच्या कचेरीत किंवा कारखान्याच्या पगारखात्यात एक वाक्य आपल्या सर्वांच्या कानी पडलेले आहे. “कॉम्प्युटरमध्ये तसंच दाखवतंय, मी काय करू?” हे बोलणारा मनुष्य बहुधा वाईट नसतो. दिवसभर त्या पडद्यासमोर बसून तोही थकलेला असतो, आणि पडद्यावरचा आकडा बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. पण या वाक्यानंतर बोलणे संपते. खिडकीबाहेरचा मनुष्य आपली पावती, आपली वही आणि आपली आठवण घेऊन तसाच परत फिरतो. घरी गेल्यावर घरचेही म्हणतात, “तुमचंच काहीतरी चुकलं असेल. यंत्र कशाला खोटं बोलेल?”

हे मत आता इतके रुळले आहे की ते एक मत आहे हेच आपण विसरलो आहोत. प्रौढांच्या वर्गासाठी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी लिहिलेल्या या पाठात आपण त्याच मताची तपासणी करू. त्यासाठी आम्ही उदाहरण दूरचे, ब्रिटनमधील टपालखात्याचे घेतले आहे. आपल्याकडच्या बऱ्याच तक्रारी खिडकीपाशीच विरून जातात. त्यांचा कागद मागे उरत नाही. तेथे मात्र या एका मतापायी काय घडले ते पुढे न्यायालयांनी व सरकारी चौकशीने वीस वर्षांच्या कागदपत्रांसह उलगडून दाखविले. म्हणून ते अभ्यासास सोयीचे आहे, आणि वाचताना आपले मन अस्वस्थ करणारेही आहे.

बुधवारची संध्याकाळ

ब्रिटनमध्ये लहान गावाचे पोस्ट पुष्कळदा एखाद्या दुकानातच असते. एका बाजूस पाव, दूध, वर्तमानपत्रे आणि कोपऱ्यात पोस्टाची खिडकी. ते चालविणाऱ्यास सब-पोस्टमास्तर म्हणतात. हा टपालखात्याचा पगारी नोकर नसतो. आयुष्याची पुंजी घालून, कधी घर गहाण टाकून तो दुकान व पोस्ट घेतो आणि खात्याशी करार करतो. तिकिटे विकणे, पेन्शन वाटणे, बचतीचे पैसे घेणे-देणे ही त्याची कामे. गावातील म्हाताऱ्या माणसांना त्याचे नाव ठाऊक असते आणि त्याला त्यांच्या गुडघेदुखीची खबर असते. भारतीय वंशाची अनेक कुटुंबेही या धंद्यात आहेत.

पूर्वी हा सर्व हिशेब कागदावर होई. आठवड्यातून एकदा, बहुधा बुधवारी संध्याकाळी, दुकान बंद करून रोकड मोजायची, तिकिटे मोजायची आणि वहीशी ताळा पाहायचा. ताळा जमला नाही तर वही मागे मागे चाळीत जायचे. कोठे तरी साताचा एक झालेला असे, किंवा एखादी रक्कम दोनदा मांडली गेलेली असे. रात्र मोडे, पण चूक सापडे. कारण वही आपल्याच हातातली होती.

१९९९ पासून या वहीच्या जागी ‘होरायझन’ नावाची संगणक-व्यवस्था आली. फुजित्सू या जपानी कंपनीच्या मालकीच्या आयसीएल या ब्रिटिश कंपनीने ती तयार केली होती. व्यवहार पडद्यावर करायचा आणि ताळाही यंत्रानेच सांगायचा. लवकरच ठिकठिकाणच्या पोस्टमास्तरांना असा अनुभव येऊ लागला की गल्ल्यातील रोकड व पडद्यावरील आकडा जुळत नाही. कोठे शे-दोनशे पौंडांची तूट, कोठे हजारांची. आणि आता मागे चाळून पाहावे अशी वही हाती नव्हती. नोंदी कंपनीच्या यंत्रांत होत्या. दुकानातल्या पडद्यावर त्यांतील थोडेच दिसे.

करारात असे कलम होते की पोस्टमास्तरच्या हयगयीमुळे, निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे नुकसान झाल्यास त्याने ते भरून द्यावे. खात्याने त्याचा अर्थ एवढाच लावला की तूट दिसली म्हणजे चूक तुमचीच, पैसे भरा. हिशेबाचा काळ संपताना पडद्यावरचा आकडा मान्य केल्याशिवाय पुढच्या काळाचा हिशेब उघडत नसे आणि दुसऱ्या दिवशी खिडकी उघडता येत नसे. वादातील रक्कम बाजूला काढून ठेवण्याची जी सोय होती तीही २००५ मध्ये काढून टाकण्यात आली. मग पोस्टमास्तरापुढे मार्ग तीनच. पदरचे पैसे भरावे. किंवा नसलेली रोकड आहे असे लिहून वेळ मारून न्यावी व पुढच्या आठवड्यात उलगडा होईल अशी आशा धरावी. किंवा पोस्ट बंद ठेवावे. दुसरा मार्ग घेणाऱ्यांवर ‘खोटा हिशेब लिहिल्या’चा आरोप आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंड व वेल्समध्ये टपालखाते स्वतःच खटले भरीत असे. तूट झाली अशी तक्रार करणारे तेच, तपास करणारे त्यांचेच अधिकारी, आणि न्यायालयात उभे राहणारे वकीलही त्यांचेच. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांच्या आधारे देशभरात ९०० हून अधिक लोकांना दोषी ठरविण्यात आले. त्यांपैकी सुमारे ७०० खटले खात्याने स्वतः भरलेले होते.

तीन पोस्टमास्तर

हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन नावाच्या बाई पोस्ट चालवीत. एकदा पडद्यावर सुमारे २,००० पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदतीसाठी ठेवलेल्या टेलिफोनवर विचारले. पलीकडून सांगितले तशी एकेक कळ त्या दाबीत गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती तूट दुप्पट झाली! पुढे घर गहाण पडले, उसनवारी झाली, आणि अखेरीस ३६,००० पौंडांच्या चोरीचा आरोप आला. खात्याच्या तपास-अधिकाऱ्याने आपल्या अहवालात चोरीचा पुरावा सापडला नाही असे लिहून ठेवले होते; पण ते बाईंच्या बाजूस कळले नाही. चोरीचा आरोप मागे घेतला जाईल आणि तुरुंग टळेल म्हणून त्यांनी खोटा हिशेब लिहिल्याचे कबूल केले. होरायझनला दोष द्यावयाचा नाही, अशीही अट त्या तडजोडीत होती.

ब्रिडलिंग्टन या समुद्रकाठच्या गावी ली कॅसलटन यांनी २००३ मध्ये पोस्ट घेतले. पुढे तूट २५,००० पौंडांवर गेली. त्यांनी मदतीच्या टेलिफोनवर ९१ वेळा विचारणा केली. खात्याने त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. वकील देण्याची ऐपत नसल्याने ते स्वतःच न्यायालयात उभे राहिले व २००७ मध्ये हरले. तूट तर भरावी लागलीच. शिवाय खात्याचा दाव्याचा खर्च म्हणून ३,२१,००० पौंडांचा बोजा अंगावर आला आणि त्यांचे दिवाळे निघाले. ज्या मनुष्याने ९१ वेळा ‘माझ्या हिशेबात काहीतरी बिघडते आहे, कृपा करून पाहा’ असे विनविले, त्यालाच अप्रामाणिक ठरविण्यात आले. चोर कधी रखवालदाराला ९१ हाका मारील काय, हा साधा प्रश्न कोणास सुचला नाही याचे आम्हांस आजही नवल वाटते.

सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाई सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथे पोस्ट चालवीत. त्यांच्यावर सुमारे ७४,००० पौंडांच्या चोरीचा आरोप होता. तूट लपविण्यासाठी हिशेब चुकीचा लिहिला हे त्यांनी मान्य केले होते, पण एक पैसाही घेतलेला नाही यावर त्या ठाम होत्या. २०१० मध्ये ज्यूरीने त्यांना चोरीबद्दल दोषी ठरविले. ११ नोव्हेंबर रोजी पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता, आणि बाई गरोदर होत्या. या खटल्याच्या थोडेच दिवस आधी खात्याच्या व फुजित्सूच्या काही लोकांमध्ये होरायझनमधील एका दोषाबद्दल लेखी विचारविनिमय झाला होता, आणि ही गोष्ट बाहेर पडली तर चालू खटल्यांवर परिणाम होईल अशी काळजीही त्यात व्यक्त झाली होती. आरोपीच्या वकिलांना ते टिपण दिले गेले नाही.

बेरीज आणि नोंद

आता मूळ मताकडे वळू. यंत्र चुकत नाही असे आपणांस का वाटते? कारण हिशेबाचे लहान यंत्र आपण हाताळलेले असते. त्यात आकडे घालावे आणि बेरीज बरोबर यावी, हा अनुभव हजार वेळा आलेला असतो. तो खोटा नाही. परंतु बेरीज करणे निराळे आणि नोंद होणे निराळे. वाण्याच्या दुकानातील मुनिमाची बेरीज बिनचूक असली, तरी त्याने एकच पोते दोनदा लिहिले असेल तर खाली येणारा आकडा खोटाच असणार. उलट बेरीज जितकी सुबक, तितका तो खोटा आकडा अधिक खरा वाटतो.

होरायझनमध्ये नेमके हेच झाले. फॉलकर्क येथील कॅलेंडर स्क्वेअर या पोस्टावरून एका दोषाचे नाव पडले आहे. एका पोस्टात दोन-तीन खिडक्या असल्या तर प्रत्येक खिडकीचे यंत्र आपली नोंद इतरांस कळवीत असे. काही वेळा हे कळविणे अडे. मग एका खिडकीवरून दुसरीकडे दिलेली रक्कम दुसऱ्या यंत्रास जमा झालेली दिसत नसे. कारकून ती पुन्हा जमा करी, आणि नंतर दोन्ही नोंदी प्रकट होत. हा दोष २००६ पर्यंत त्या व्यवस्थेत होता व निदान ३० पोस्टांना त्याची झळ लागली, असे पुढे न्यायालयात निष्पन्न झाले.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टनचे, २०१५ सालचे. तेथील पोस्टमास्तर बाईंनी ८,००० पौंडांची रोकड एका पोस्टातून फिरत्या पोस्टाकडे नेली व ती जमा करण्यासाठी कळ दाबली. पडदा हलेना, म्हणून पुन्हा दाबली. आपणही तसेच करतो. यंत्राने तीच रक्कम चार वेळा जमा धरली. रोकड ८,००० आणि नोंद ३२,०००. म्हणजे २४,००० ची तूट! फुजित्सूने मागचे पाहिले तेव्हा याच जातीचे ११२ प्रसंग आधीच्या पाच वर्षांत घडलेले आढळले.

शिक्षकांनी हे उदाहरण मुलांना फळ्यावर मांडून दाखवावे. एका मुलाकडे आठ गोट्या द्याव्यात, दुसऱ्याने वहीत ‘आठ’ असे चार वेळा लिहावे, आणि मग पहिल्याला विचारावे, “बाकीच्या चोवीस कुठे आहेत?” तो काय उत्तर देतो ते सर्वांनी ऐकावे. आपण घेतल्या नाहीत याशिवाय त्याला दुसरे काही सांगताच येणार नाही. वही मात्र स्वच्छ अक्षरात त्याच्याविरुद्ध बोलत असेल.

“फक्त तुमचीच तक्रार आहे”

यंत्रातील दोष ही या प्रकरणाची अर्धीच बाजू आहे. दोष कोणत्याही व्यवस्थेत असतात. ते शोधून काढता येतात. अधिक कठीण ती माणसांची बाजू. अनेक पोस्टमास्तरांना मदतीच्या टेलिफोनवर किंवा तपासाच्या वेळी सांगण्यात आले की देशभर हजारो पोस्टांत ही व्यवस्था नीट चालते आहे, अडचण फक्त तुमच्याकडेच आहे. हॅमिल्टन बाईंना हेच सांगितले गेले. ते खरे नव्हते. पण ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम काय होत असेल याचा विचार करा. आपण एकटेच आहोत असे ठरले की मनुष्य प्रथम स्वतःवर संशय घेतो, मग आपल्या मदतनीस मुलीवर, मग घरातल्यांवर. गावात तो मान खाली घालून चालू लागतो. सरकारी चौकशीचा अहवाल सांगतो की १३ जणांनी याच आकड्यांपायी आपले जीवन संपविले असण्याचा संभव आहे.

हे ‘तुम्ही एकटेच’ मोडून काढण्याचे श्रेय मुख्यतः ॲलन बेट्स यांचे. वेल्समधील लँडुडनो येथे ते पोस्ट चालवीत. ६,००० पौंडांच्या तुटीचा आकडा त्यांनी मान्य केला नाही व पैसे भरले नाहीत. २००३ मध्ये खात्याने कारण न देता त्यांचा करार संपविला. गुंतविलेले सुमारे ६५,००० पौंड बुडाले. त्यांनी वेबसाइट काढून असेच इतर कोणी आहेत काय याचा शोध चालविला. मे २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात पोस्टमास्तरांच्या हकीगती छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेनी कॉम्प्टन या खेड्यातील सभागृहात हे लोक प्रथम एकत्र जमले. इंग्लंडच्या मध्यावरचे गाव, म्हणजे सर्वांनाच सारखे दूर. वर्षानुवर्षे ज्यांना तुम्ही एकटेच असे सांगितले होते ते एका खोलीत बसून एकमेकांचे ऐकत होते, आणि प्रत्येकाची कथा तीच होती.

पुढचा मार्ग लांबचा होता. २०१२ मध्ये नेमलेल्या स्वतंत्र हिशेबतपासनिसांनी दोष दाखविले. २०१३ मध्ये खात्याच्याच एका वकिलाने लेखी सल्ला दिला की फुजित्सूच्या ज्या तज्ज्ञाची साक्ष खटल्यांत वापरली त्याने ठाऊक असलेले दोष न्यायालयास सांगितलेले नाहीत. फुजित्सूचे माजी तंत्रज्ञ रिचर्ड रोल यांनी २०१५ मध्ये उघड सांगितले की पोस्टमास्तरच्या नकळत दुरून त्याच्या हिशेबात बदल करता येत असे व केलाही जात असे. खाते हे वर्षानुवर्षे नाकारीत आले होते.

याच सुमारास खात्याच्या मुख्य अधिकारी पॉला व्हेनेल्स यांनी हाताखालच्यांना लिहिलेला एक निरोप पुढे चौकशीत वाचला गेला. त्यात त्यांनी विचारले होते की दुरून शिरकाव करणे शक्य आहे काय, खरे उत्तर काय आहे? प्रश्न योग्यच होता. पण त्यालाच लागून त्यांनी असेही लिहिले की ते शक्य नाही असे उत्तर असावे अशी आशा आहे, आणि आपल्याला ‘नाही’ असे सांगता आले पाहिजे. ज्याला असा प्रश्न येतो तो कारकून कोणते उत्तर धाडील? हवे असलेले उत्तर आधीच कळविणे म्हणजे प्रश्न न विचारणेच होय. व्हेनेल्स बाई अँग्लिकन मंडळीच्या दीक्षित पाळकही होत्या. हे आम्ही कोणास टोमणा म्हणून लिहीत नाही. पण मंडळीतला मनुष्य कचेरीच्या खुर्चीवर बसला की आपोआप सावध व न्यायी होतो अशी समजूत असेल, तर ती येथे तपासून पाहता येते.

एक साक्षीदार

इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्याने असे बंधन होते की संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणावयाचा तर ते यंत्र नीट चालत होते हे आणणाऱ्याने दाखवावे. हे कलम त्रासदायक वाटून १९९९ च्या कायद्याने रद्द झाले व २००० पासून ते उरले नाही. मग न्यायालये असे धरून चालू लागली की यंत्र नीटच होते. नव्हते असे म्हणणाऱ्याने प्रथम काही तरी दाखवावे. होरायझन देशभर बसत होते तो काळ हाच. ज्याच्या हाती यंत्राच्या नोंदी नाहीत, कुशल मनुष्य नेमण्यास पैसे नाहीत, त्याने काय दाखवावे?

आपल्या देशात कायद्याचा रोख निराळा राहिला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर जुन्या पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम आले. संगणकाच्या नोंदीची नक्कल पुढे आणावयाची तर यंत्र व्यवस्थित चालत होते इत्यादी गोष्टींचे प्रमाणपत्र जोडावे लागे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये या प्रमाणपत्राची आवश्यकता पुन्हा ठामपणे सांगितली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही प्रमाणपत्राची अट आहे. अर्थात प्रमाणपत्रही कोणी न पाहता सही करून देऊ शकतो. आणि खिडकीपाशी, हजेरीच्या यंत्रापाशी, पगाराच्या चिठ्ठीपाशी कोणतेच न्यायालय बसलेले नसते. तेथे आपले मतच कायदा असतो.

या ठिकाणी अनुवाद या पुस्तकाचा १९ वा अध्याय वर्गात काढावा. एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणास दोषी धरू नये असा तेथे दंडक आहे, आणि साक्ष संशयास्पद असेल तेव्हा न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी असेही सांगितले आहे. आता प्रश्न असा की यंत्र हे किती साक्षीदार? पडद्यावर आकडा दिसला, तोच छापून आला, तोच वरिष्ठाच्या टेबलावर गेला, तोच तपासनिसाच्या अहवालात उतरला. कागद चार झाले, पण साक्षीदार एकच राहिला. पोस्टमास्तरांच्या खटल्यांत पुष्कळदा एवढाच पुरावा होता. पैसे गेले कोठे, कोणी खर्च केले, कोणत्या खात्यात भरले, याचा मागमूस नसतानाही चोरी झाली असे धरले गेले.

साउथ वॉर्नबरोच्या गावकऱ्यांपाशी दुसरा साक्षीदार होता. ते बाईंना वर्षानुवर्षे ओळखीत होते. त्यांनी पैसे जमवून दिले, खटल्याच्या दिवशी न्यायालयात जाऊन बसले, आणि गावच्या पाळकांनी तेथे त्यांच्यासाठी शब्द टाकला. संगणकातले त्यांना काही कळत नव्हते. फक्त, आपल्याला कळत नाही म्हणून आपल्याला ठाऊक असलेले सोडून द्यावे असे त्यांना वाटले नाही. सगळीकडे असे घडले नाही. कित्येक गावांत लोकांनी पोस्टमास्तरच्या दुकानात जाणे सोडले.

निकाल

बेट्स व इतर मिळून ५५५ जणांनी लावलेल्या दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे पोस्टांच्या हिशेबात खोट्या तुटी आल्या. खात्याने तडजोडीत ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड दिले. त्यांतील बहुतेक रक्कम दाव्याच्या खर्चातच गेली व प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी २०,००० पौंडच आले. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांचे दोष रद्द केले. हॅमिल्टन बाई व मिश्रा बाई त्यांत होत्या. जानेवारी २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर या प्रकरणाचे नाट्य दाखविले गेले आणि सारा देश खडबडून जागा झाला. वीस वर्षांत कागदांनी जे केले नाही ते चार रात्रींच्या नाटकाने केले, याचे समाधान मानावे की खेद, हे आम्हांस ठरविता येत नाही. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून उरलेल्यांपैकी बहुतेकांचे दोष सरसकट रद्द केले. सर विन विल्यम्स यांच्या चौकशीच्या अहवालाचा पहिला खंड ८ जुलै २०२५ रोजी प्रसिद्ध झाला.

आपल्या कामावर

आपल्यापैकी बरेच जण कचेरीत, शाळेत, इस्पितळात, बँकेत काम करतात. काही खिडकीच्या आत बसतात, काही बाहेर उभे राहतात. एकाच दिवशी दोन्हीही होते. आत बसणाऱ्यास आकडा बदलता येत नसेल, पण ‘तुमचे म्हणणे लिहून द्या, मी पुढे पाठवितो’ एवढे म्हणता येते. तक्रार आली तर ती कोणत्या दिवसाची, कोणत्या वेळेची, आधी असे कोणाचे झाले होते काय, हे वहीत टिपून ठेवता येते. ‘फक्त तुमचीच तक्रार आहे’ हे वाक्य मात्र पूर्ण चौकशी केल्याशिवाय तोंडातून काढू नये. बाहेर उभे राहणाऱ्याने पावती जपावी, पडदा अडला तर वेळ लिहून ठेवावी, आणि न पटलेल्या आकड्यावर सही करण्याची वेळ आली तर ‘मान्य नाही, पडताळणी बाकी’ असे सहीशेजारी लिहावे. पडद्यावर तशी जागा नसेल तर निराळे पत्र द्यावे व त्याची पोच घ्यावी.

बोटांच्या ठशांवर चालणाऱ्या यंत्राचेही असेच आहे. भांडी घासून, विटा उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचे ठसे उमटत नाहीत. यंत्र म्हणते ओळख पटत नाही. रांगेतले सारे त्या आजीला नावाने ओळखतात.

मंडळीच्या खजिनदारांस एक सूचना. हल्ली देणग्यांचा हिशेब पुष्कळ ठिकाणी फोनवर किंवा संगणकावर ठेवतात. त्यात वाईट काही नाही. बेरजेचे श्रम वाचतात. पण पावतीपुस्तक बंद करू नये, आणि उपासनेनंतर पेटी उघडताना दोघांनी मोजून दोघांनी सही करण्याची जुनी चाल मोडू नये. ती चाल खजिनदारावर संशय घेण्यासाठी नाही. तूट निघाली तर त्याच्या बाजूने बोलणारा कोणी तरी असावा यासाठी ती आहे.

या पाठाच्या पुढच्या बैठकीस येताना प्रत्येकाने घरचे विजेचे बिल बरोबर आणावे. त्यावर मीटरचा जो आकडा छापलेला असेल तो भिंतीवरच्या मीटरशी ताडून पाहावा, मीटर वाचल्याची तारीख व आज यांतील दिवस मोजावे, आणि दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून आणावेत.